शेरू फळं खात नाही तरी ठणठणीत, मग माणसालाच संत्रं काऊन लागते?

मनीषनगरची_आई
नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा येडपट वाटेल पण आमच्या घरात सध्या याच्यावरून महाभारत सुरू आहे. काटोलहून भाच्यानं संत्र्याचं कॅरेट आणून दिलं, आंबिया बहाराचं, मस्त गोड माल, आणि आमचा आठवीतला पोट्टा एक फोड खाईल तर शपथ. सासूबाई म्हणाल्या खा रे बाबू, सी व्हिटॅमिन असते त्याच्यात, नाहीतर हिरड्यांतून रक्त येते. तर हा म्हणतो, मग शेरूच्या हिरड्या कशा काय चांगल्या? शेरू म्हणजे आमचा कुत्रा, गावठी, पोळी-दूध आणि कधीमधी अंडं, आयुष्यात फळाला तोंड लावलं नाही त्यानं, आणि दात पाहाल तर हाडं कडाकडा फोडतो. मी म्हटलं कुत्र्याचं वेगळं असते. तर म्हणे वेगळं म्हणजे काय ते सांग, मग खातो. आता मी कॉमर्सवाली, मी काय सांगणार कपाळ.

याच्यातच अजून दोन गोष्टी विचारून घेते. शेजारच्या काकू म्हणून राहिल्या की शेरूला पण ती चघळायची सी व्हिटॅमिनची गोळी देत जा, हिवाळ्यात बरी असते. द्यावी का? आणि गच्चीवर कुंडीत संत्र्याचं झाड आहे त्याची पानं पिवळी पडून राहिली, तर सासऱ्यांनी फवारायला एक टॉनिक आणलं, बाटलीवर व्हिटॅमिन, अमिनो ॲसिड, काय काय लिहिलं आहे आणि किंमत विचारू नका. झाडालाही व्हिटॅमिन लागते का हो? लागत असेल तर हे झाड संत्र्यात घालायला व्हिटॅमिन आणते कुठून?

तर्री_मारके
पोट्टा वकील होते ताई, लिहून ठेवा. बाकी नागपुरात राहून संत्रं खात नाही म्हणजे याचं रेशनकार्ड एकदा तपासा.

बायोकेम_मास्तर
मुलाला सांगा तुझा मुद्दा बरोबर आहे. शेरूलाही सी व्हिटॅमिन लागतंच, फक्त तो ते स्वतः बनवतो, लिव्हरमध्ये. कच्चा माल काय, तर साधं ग्लुकोज. पोळीतला स्टार्च पचून जे ग्लुकोज मिळतं त्याचाच थोडासा भाग एकामागून एक एन्झाइमच्या, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं करणाऱ्या प्रथिनांच्या, हाताखालून जातो आणि शेवटी ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणून बाहेर पडतो. ग्लुकोजचं सूत्र सी६एच१२ओ६, ॲस्कॉर्बिक ॲसिडचं सी६एच८ओ६, म्हणजे कार्बन सहाचे सहा तेच, ऑक्सिजन तेवढेच, चार हायड्रोजन तेवढे कमी. फार काही अवघड रेणू नाही. कुत्रा, मांजर, गाय, बकरी, उंदीर, सगळे घरच्या घरी करतात. मोठी बकरी तर दिवसाला कितीतरी ग्रॅम बनवते, आणि आपल्याला मोठ्या माणसाला दिवसाला ८० मिलिग्रॅम सांगितलेलं आहे, यावरून अंदाज घ्या.

आता माणसात काय झालं, तर आधीच्या सगळ्या पायऱ्या आपल्याकडेही चालू आहेत, शेवटचं एन्झाइम तेवढं बनत नाही. गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज असं त्याचं नाव. सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी फोडणीला तेलच नाही, तसं. त्याचा जीन, म्हणजे ते बनवायची लिहिलेली कृती, आपल्यात नाहीच असंही नाही बरं का, आठव्या क्रोमोसोमवर आहे, पण मोडका, तुकडे पडलेला, त्यावरून काही बनूच शकत नाही. माकडं, चिंपांझी, गोरिला, आपण, सगळ्यांचा हा जीन असाच मोडका आहे कारण तो एकाच पूर्वजाकडून आलाय, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या. मादागास्करचे लेमूर मात्र त्याआधीच वेगळे झाले, त्यांचा अजून चालतो.

मग एवढी कामाची गोष्ट मोडली आणि कोणाचं काही बिघडलं कसं नाही? कारण ते पूर्वज दिवसभर झाडावर बसून फळं आणि पाला खायचे. सी व्हिटॅमिन तोंडासमोर लटकलेलं. बनवणारा आणि न बनवणारा दोघंही सारखेच जगले, दोघांनाही पिल्लं झाली, आणि बिघाड पुढच्या पिढीत तसाच गेला. मग कित्येक कोटी वर्षांनी माणूस जहाजात बसून महिनोन्महिने सुकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस खायला लागला तेव्हा त्या जुन्या बिघाडाचं बिल आलं.

निवृत्त_विज्ञानबाई
मास्तरांनी जहाजाचा विषय काढला म्हणून लिहिते. मी बत्तीस नंबरच्या खोलीत नाही तर शाळेच्या मैदानात झाडाखाली हा धडा शिकवायची, पोरं गोष्टीसाठी थांबायची. १७४७ साली जेम्स लिंड नावाचा ब्रिटिश नौदलाचा सर्जन सॅलिसबरी जहाजावर होता, स्कर्व्ही (सी व्हिटॅमिन न मिळाल्यानं होणारा रोग) झालेले बारा खलाशी त्यानं घेतले, दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या, जेवण सगळ्यांना एकच आणि वरून प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी. कोणाला सफरचंदाची सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड (हो, खरंच पाजलं), कोणाला समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री एक लिंबू. संत्री-लिंबूवाले आठवड्याच्या आत उठून उभे. आंबटपणानं बरं होत असतं तर व्हिनेगरवालेही झाले असते ना.

पण मला खरी आवडते ती १९०७ ची नॉर्वेची गोष्ट. होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना बेरीबेरीवर (बी१ व्हिटॅमिन कमी पडल्यानं होणारा रोग) काम करायचं होतं, म्हणून त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातलं. बेरीबेरी काही झाला नाही, झाला स्कर्व्ही! आणि कोबी किंवा लिंबाचा रस दिला की बरे. तोवर प्राण्यात स्कर्व्ही कोणी प्रयोगानं आणलाच नव्हता. गिनी पिगचाही तोच जीन मोडलेला आहे, आपल्याशी काही संबंध नाही, त्यांचा त्यांनी वेगळा मोडून घेतला. त्या दोघांनी गिनी पिगऐवजी उंदीर घेतले असते तर उंदीर आपलं सी व्हिटॅमिन आपण बनवत बसले असते आणि यांच्या हाती काहीच लागलं नसतं. मुलाला हे सांगा, फोड खाईल तो.

आणि हिरड्यांचं म्हणाल तर सासूबाई बरोबर आहेत. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडं, सगळीकडे कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, तीन धाग्यांचा पीळ. पीळ घट्ट बसायचा तर धाग्यातल्या काही अमिनो ॲसिडला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटवावी लागते. ते चिकटवणाऱ्या एन्झाइममध्ये लोहाचा एक अणू असतो आणि तो कामाच्या अवस्थेत ठेवायला सी व्हिटॅमिन लागतं. नसेल तर पीळ सैल, हिरड्या सुजतात, रक्त येतं, बऱ्या झालेल्या जखमाही उघडतात. मात्र चार दिवस संत्रं खाल्लं नाही म्हणून असं होत नाही, शरीरातला साठा संपायला एक-दोन महिने अजिबातच काही न मिळायला पाहिजे. आजींना हेही सांगा पण हळू सांगा.

तर्री_मारके
मॅडम सल्फ्युरिक ॲसिड पाजलं?? आणि आमच्या तर्रीला लोकं नावं ठेवतात.

जनावरांचा_डॉक्टर
ताई, शेरूला ती गोळी अजिबात देऊ नका. एकतर गरज नाही, वर सांगितलंच आहे. दुसरं म्हणजे चघळायच्या गोळ्यांमध्ये गोडीसाठी बऱ्याचदा झायलिटॉल असतं, ते माणसाला काही करत नाही पण कुत्र्याची साखर धाडकन खाली आणते आणि लिव्हरलाही धोका. द्राक्षं-मनुका पण नाही, किडनीवर जाते. काकूंना माझा नमस्कार सांगा.

आता तुमच्या मुलासाठी अजून एक मसाला देतो. कुत्रा सी बनवतो, पण डी बनवत नाही. आपलं नेमकं उलटं. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या आधीचा एक पदार्थ असतो, त्यावर उन्हातली यूव्ही-बी किरणं पडली की त्याचं डी व्हिटॅमिन होते. कुत्र्या-मांजराच्या कातडीत तो पदार्थ टिकतच नाही, दुसरं एक एन्झाइम त्याचं लगेच कोलेस्टेरॉल करून टाकते, त्यामुळे शेरू दिवसभर गच्चीवर उन्हात लोळला तरी डीच्या बाबतीत शून्याच्या जवळपास. त्याला ते खाण्यातूनच पाहिजे, अंड्याचा पिवळा बलक, मासे, लिव्हर, नाहीतर कुत्र्यांचं तयार खाणं. माझ्याकडे पिल्लं येतात ना, नुसत्या पोळी-दुधावर किंवा वरण-भातावर वाढवलेली, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि मनगटाचा सांधा सुजलेला, मालक म्हणतो जातच अशी आहे डॉक्टर. जात नाही हो, कॅल्शियम आणि डीचा घोळ आहे. शेरू मोठा झाला, दात चांगले, म्हणजे अंड्यानं वाचवलं म्हणा. अंडं "कधीमधी" नको, नियमित करा. पण घरात पडलेलं माणसाचं ते ६०,००० युनिटचं डीचं पाकीट फोडून त्याच्या दुधात टाकू नका, कुत्र्याला डी जास्त झालं तर विष आहे, उंदीर मारायच्या काही औषधांत तेच असते.

मांजर तर अजून नखरेल. गाजरातल्या बीटा कॅरोटीनचं ए व्हिटॅमिन आपण करतो, कुत्राही करतो, मांजराला जमत नाही, तिला तयार ए मांसातूनच पाहिजे. टॉरिन नावाचं अमिनो ॲसिड पण तसंच, कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही जाते. म्हणून मांजराला शाकाहारी करणारे लोक दिसले की माझं डोकं फिरते.

महालचा_शाकाहारी
डॉक्टर साहेब मांजराचं सोडा, आमचं काय. माझं बी१२ एवढं कमी आलं की हातापायाला मुंग्या, इंजेक्शनं घ्यावी लागली. आई म्हणते आपल्या सात पिढ्या शाकाहारी, कोणाला काही झालं नाही. पालक खा, मेथी खा, सगळं खाऊन झालं, आकडा जिथल्या तिथं.

बायोकेम_मास्तर
@महालचा_शाकाहारी पालकाची गाडी भरून खाल्ली तरी बी१२ येणार नाही भाऊ. झाडं ते बनवत नाहीत कारण त्यांना ते लागतच नाही. गाय-बकरीही बनवत नाही. पृथ्वीवर ते बनवतात फक्त बॅक्टेरिया आणि त्यांचे चुलत भाऊ आर्किया. गायीच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात, रूमेनमध्ये, बॅक्टेरिया ते तयार करतात, आणि तेही चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं तरच, कारण त्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू बसलेला असतो. तिथून ते दुधात येतं. म्हणजे शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक हाच आधार. आईच्या सात पिढ्यांना घरच्या गायीचं दूध-ताक पोटभर मिळत असेल, तुम्ही दिवसाला दोन कप चहात किती दूध घालता ते बघा. आणि ॲसिडिटीच्या किंवा डायबेटिसच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तरी बी१२ कमी शोषलं जातं, ते तुमच्या डॉक्टरला जरूर सांगा. रेणू एवढा अवाढव्य की त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी एक्स-रे क्रिस्टलोग्राफीनं शोधली, १९६४ चं नोबेल मिळालं त्यांना, आणि प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा बनवायला शंभरच्या वर केमिस्ट लागले. एवढी उस्तवार एक साधा जंतू शेणात बसून करतो.

जिम_धरमपेठ
एवढं सगळं वाचून डोकं गरगरलं. सरळ एक मल्टिव्हिटॅमिन खा आणि मोकळे व्हा ना राव. नाहीतर बाहेरून नेमकं काय काय पाहिजे त्याची एक यादी द्या कोणीतरी.

बायोकेम_मास्तर
यादी फार लांब नाही. माणसाला कार्बनी पदार्थांपैकी बाहेरून तयारच पाहिजेत असे: ९ अमिनो ॲसिड, २ फॅटी ॲसिड, १३ व्हिटॅमिन (त्यातलं डी ऊन मिळालं तर आपली कातडीही बनवते, डॉक्टरांनी सांगितलंच). वर पाणी, खनिजं आणि जाळायला काहीतरी. बाकी शरीरातले हजारो रेणू, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, डीएनए, हार्मोन, सगळं आपण आपलं बनवतो. कोलेस्टेरॉलला लोक शिव्या देतात पण किड्यांना विचारा, त्यांना ते बनवता येत नाही, त्यांना स्टेरॉल खाण्यातूनच मिळवावं लागतं. कोणाला काय बाहेरून पाहिजे ते ज्याचं त्याचं वेगळं. पावावर येते तशी एक नारंगी बुरशी आहे, न्यूरोस्पोरा, तिला साखर, क्षार आणि एकच व्हिटॅमिन, बायोटिन, एवढ्यावर टाका, बाकी सगळं ती करते. बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये तिच्यावर एक्स-रे मारून एकेक जीन मोडला आणि बघत बसले की आता ही काय मागते. एक मोडला की बी६ मागते, दुसरा मोडला की बी१. म्हणजे आपल्या पूर्वजांचं जे सीच्या बाबतीत आपोआप झालं तेच यांनी काचेच्या नळीत मुद्दाम करून पाहिलं.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल म्हणाल तर गोळीत ९ अमिनो ॲसिड नसतात आणि फॅटी ॲसिडही सहसा नसतात. वरण-भातात मात्र असतात, त्या नवांपैकी तुरीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, तांदळात त्याच्या उलट, दोघं मिळून काम भागतं. ओमेगा-३ साठी आपली वऱ्हाडी जवसाची चटणी आहे. सी जास्तीचं घेतलं तर लघवीतून जातं, पैसे नालीत. ए आणि डी मात्र शरीरात साचतात, तिथं जास्त हुशारी नको.

मनीषनगरची_आई
बाप रे, किती माहिती दिली तुम्ही लोकांनी. काकूंना झायलिटॉलचं सांगितलं, त्या घाबरल्या. मुलाला सगळं वाचायला दिलं. लेमूर आणि फोडणीवर हसला आणि मग विचारतो, बकरी एवढं बनवते तर बकरीचं दूध नाहीतर सावजीचं मटण खाऊन भागवतो ना मी, संत्रं कशाला. घ्या आता.

निवृत्त_विज्ञानबाई
हा मुलगा मला वर्गात पाहिजे होता. बकरी बनवते ते स्वतःपुरतं, दुधात अगदी थोडं उतरतं आणि दूध उकळलं की त्यातलंही जातं. मांसात, त्यातल्या त्यात लिव्हरमध्ये थोडं असतं, उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक देवमाशाचं कातडं आणि मांस कच्चं खायचे म्हणून फळाशिवाय जगले. पण सावजी रस्सा जेवढा वेळ रटरट शिजतो तेवढ्यात सी राहायची आशा सोडा. संत्रा बर्फीचंही तेच, गर आटवून केलेली असते, चव राहते.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर संत्रंच पाहिजे असा काही नियम नाही. नागपूरकर मारतील मला, पण पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं आणि आवळ्यात तर त्याहूनही. तो पेरू खात असेल तर वाद मिटला.

तर्री_मारके
मॅडम हे काय बोलून राहिल्या तुम्ही, तेही संत्रा सीझनमध्ये 😭

काटोलचा_बागवान
पेरूचं ऐकून मलेही वाईट वाटलं पण खरं हाय, काय करता. आता झाडाचं मी सांगतो, आमची बाग हाय. वयनीसाहेब, झाडाले व्हिटॅमिन बाहेरून नाई लागत. थे सगळं सोताच बनवते, सी बी, बी१ बी, विसच्या विस अमिनो ॲसिड बी. सी थे तुमच्यासाठी नाई बनवत, पानावर दिवसभर ऊन पडते, त्याच्यानं पानाच्या आत जे जळजळ होते थे आवरासाठी त्याले लागते, म्हणून फळापेक्षा पानातच जास्त रायते पाहा. झाडाले पायजे हवा, पाणी, ऊन अन जमिनीतून चौदा खनिजं. नत्र, स्फुरद, पालाश जास्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक मधात, अन लोह, जस्त, मँगनीज, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल हे चिमूटभर. बस. टॉनिकमधले व्हिटॅमिन झाडाले देणं म्हणजे काटोलच्या माणसाले नागपूरहून संत्रं नेऊन देणं झालं. मास्तर लोकांनी सुधारावं चुकलं असंन तर.

आता पानं पिवळी म्हणता, तर कशी पिवळी थे सांगा. कोणतं पान पिवळं हाय, नवं का जुनं, अन शिरा हिरव्या हाय का? नवीन पानं बारकी, अरुंद, शिरांच्या मधात पिवळे पट्टे असंन तर जस्त. जस्त कमी पडलं का वाढीचं हार्मोन नीट बनत नाई, म्हणून पान मोठंच होत नाई. जुनी पानं टोकाकून पिवळी अन देठाजवळ उलट्या व्ही सारखा हिरवा भाग रायला असंन तर मॅग्नेशियम, कारण हिरव्या रंगाच्या मधातच मॅग्नेशियम बसून रायते, अन झाड जुन्या पानातून काढून नव्याले देते.

बायोकेम_मास्तर
@काटोलचा_बागवान भाऊ काही सुधारायचं नाही. उद्या माझ्या वर्गात या शिकवायला.

मनीषनगरची_आई
आत्ताच गच्चीवर जाऊन पाहून आली दादा. नवीन पानं आहेत, शेंड्याकडची. आकार बरोबर आहे, बारीक नाही, पण पान पूर्ण पिवळं-पांढरट आणि शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसून राहिली, अगदी कशिदा काढल्यासारखी. जुनी पानं हिरवीगार. बोअरचं पाणी घालतो आम्ही, कुंडीच्या काठाला पांढरं चढलं आहे.

काटोलचा_बागवान
मंग लोह हाय थे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत बी असंच होते. मातीत लोह असते पण पाणी जड, क्षाराचं, त्याच्यानं लोह मातीतच अडकून बसते, मुळाले भेटत नाई. फेरस सल्फेट नुसतं कुंडीत टाकसान तर थे बी तसंच बसून जाईन. चिलेटेड लोह, म्हणजे असं अडकून न बसणारं, भेटते कृषी केंद्रात, बारकं पाकीट घ्या, पाकिटावर लिहिलं हाय त्याच मापानं पाण्यात कालवून संध्याकाळी पानावर फवारा, ऊन असतानी नाई. काही दिवसानं परत एकदा. अन बोअरचं पाणी बंद करून नळाचं नाईतर गच्चीवरचं पावसाचं साठोलेलं घाला. कुंडीत पाणी तुंबते का थे बी पाहून घ्या, खालचं भोक बुजलं असंन तर मुळी सडते अन मंग लोह देऊन काई फायदा नाई. टॉनिकची बाटली फोडली नसंन तर सासरेबुवाले म्हणा दुकानात वापस करा, फोडली असंन तर राहू द्या, झाडाले वाईट बी काई होत नाई.